गाडीत ठेवलेल्या बाटलीतलं पाणी विषारी होतं का? आणि अडकलात तर प्यायला नेमकं काय जवळ हवं?

२६ जुलै २०१९. शुक्रवारची रात्र. मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर सोडून पुढे गेली आणि वांगणीच्या अलीकडे थांबली. उल्हास नदीचं पाणी रुळांवर आलं होतं. उजाडलं तेव्हा चित्र असं होतं की गाडीच्या दोन्ही बाजूंना शेतं नव्हतीच, नुसतं गढूळ पाणी. आत सुमारे १,०५० माणसं. त्यात नऊ गरोदर महिला.

एनडीआरएफच्या बोटी आल्या, नौदल आलं, हवाई दलाची हेलिकॉप्टर आली. शनिवारी दुपारपर्यंत सगळे प्रवासी सुखरूप बाहेर निघाले. टीव्हीवर बोटी आणि हेलिकॉप्टर दिसली, त्यामुळे लोकांच्या लक्षात तेवढंच राहिलं. पण बाहेर आलेले प्रवासी पत्रकारांना काय सांगत होते? कित्येक तास प्यायला पाणी नव्हतं आणि खायला काही नव्हतं. पोलीस आणि आरपीएफचे जवान डब्यांपर्यंत पोहोचले तेव्हा त्यांनी सगळ्यात आधी वाटलं ते पाणी आणि बिस्किटं.

ही तर रेल्वे होती. तिच्यासाठी अख्खी यंत्रणा धावली. काटई-कर्जत रस्त्यावर किंवा कल्याण-बदलापूर रस्त्यावर तुमची एकटी गाडी अडकली, तर बोट येईपर्यंत काय?

तर गाडीत पाणी ठेवायचं, एवढं साधं उत्तर आहे. पण हे सांगितलं की व्हॉट्सॲपवरचा कोणीतरी काका लगेच म्हणतो, "गाडीत तापलेल्या बाटलीतलं पाणी प्यायलं की कॅन्सर होतो." म्हणून आधी त्या फॉरवर्डचं बघू.

डायऑक्सिनचा तो मेसेज

हा मेसेज किमान वीस वर्षं फिरतोय. त्यात अमेरिकन गायिका शेरिल क्रो हिचं नाव असतं, जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचं नाव असतं, आणि उन्हात बाटली तापली की प्लास्टिकमधून 'डायऑक्सिन' पाण्यात उतरतं असं ठासून सांगितलेलं असतं. जॉन्स हॉपकिन्समधल्या तज्ज्ञांनी २००४ मध्येच सांगून टाकलं होतं की यात तथ्य नाही. डायऑक्सिन तयार व्हायला क्लोरीन लागतं आणि कचरा जाळताना असतं तसं काहीशे अंशांचं तापमान लागतं. पाण्याची पारदर्शक बाटली ज्या 'पेट' प्लास्टिकची असते, त्यात क्लोरीन नसतंच. आणि गाडीत काहीशे अंश तापमान झालं असेल, तर प्रश्न पाण्याचा उरलेला नसतो.

पण मेसेज खोटा म्हणजे काळजी शून्य, असंही नाही. पेट बनवताना अँटिमनी नावाचं मूलद्रव्य वापरतात. ते अगदी थोड्या प्रमाणात पाण्यात उतरतं, आणि बाटली जितकी तापेल तितकं जास्त उतरतं. अ‍ॅरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी २००८ मध्ये याचा नीट अभ्यास प्रसिद्ध केला. अमेरिकेत पिण्याच्या पाण्यात अँटिमनीची मर्यादा आहे एक अब्ज भागांत ६ भाग. ही मर्यादा ओलांडायला ६० अंश सेल्सिअसला १७६ दिवस लागतात, ६५ अंशांना ३८ दिवस, ७० अंशांना १२ दिवस, आणि ८० अंशांना जेमतेम सव्वादोन दिवस, असा त्यांचा हिशोब निघाला.

हे आकडे दोनदा वाचण्यासारखे आहेत. एक तर हे दिवस म्हणजे रात्रंदिवस सलग तेवढंच तापमान. गाडी रात्री थंड होते. दुसरं, जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा याहून सैल, म्हणजे २० भाग आहे, आणि दोन्ही मर्यादा आयुष्यभर रोज तेच पाणी पिण्याच्या हिशोबाने ठरवलेल्या आहेत. अडकल्यावर दोन बाटल्या प्यायल्याने काही होत नाही. पण ६० वरून ७० अंशांवर गेलं की १७६ दिवसांचे १२ दिवस होतात, म्हणजे बाटली गाडीत कुठे ठेवली याला किंमत आहे.

फ्लोरिडा विद्यापीठाच्या संशोधकांनीही चीनमधल्या १६ ब्रँडच्या बाटल्या चार आठवडे ७० अंशांवर ठेवून पाहिल्या होत्या. सोळापैकी एकाच ब्रँडने मर्यादा ओलांडली.

गाडी तापते किती?

बदलापूर-अंबरनाथकडे एप्रिल-मे महिन्यात पारा चाळिशी गाठतो, कधी ओलांडतो. स्टेशनबाहेर सकाळी आठला गाडी लावून माणूस लोकलने मुंबईला जातो आणि संध्याकाळी सातला परत येतो. तोवर गाडी बंद काचांनी उन्हात उभी.

अ‍ॅरिझोनातच २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ३८ अंशांच्या वरच्या उन्हात तासभर उभ्या केलेल्या गाड्या मोजल्या होत्या. आतली हवा सरासरी ४७ अंश, सीट ५१ आणि डॅशबोर्ड ६९. सावलीत उभ्या केलेल्या गाडीचा डॅशबोर्ड ४८ वर थांबला. म्हणजे एकाच गाडीत, एकाच वेळी, डॅशबोर्डवरची बाटली आणि सीटखालची बाटली दोन वेगळ्या हवामानांत असतात. डॅशबोर्डवर किंवा मागच्या काचेखालच्या फळीवर बाटली ठेवायची नाही ती यासाठी. आणखी एक कारण आहे, जरा गमतीशीर. भरलेली गोल पारदर्शक बाटली भिंगासारखं काम करते. अमेरिकेत आयडाहो राज्यात २०१७ मध्ये एका वीज कंपनीच्या कर्मचाऱ्याच्या गाडीत बाटलीतून एकवटलेल्या उन्हाने सीट जळायला लागली होती. अशी आग क्वचितच लागते, पण बाटलीवर एक कापड टाकायला पैसे पडत नाहीत.

खरा शत्रू प्लास्टिक नाही, तोंड लावलेली बाटली आहे

रासायनिक भीतीच्या नादात लोक मुख्य गोष्ट विसरतात. गाडीतल्या पाण्याने आजारी पडायचं असेल तर बहुतेक वेळा कारण जंतू असतात. बाटली उघडली, तोंड लावून दोन घोट घेतले, झाकण लावून दरवाज्याच्या खणात खोचली. आता त्यात तोंडातले जंतू आहेत, कदाचित वडापावचा कणही आहे, आणि गाडीतली ऊब आहे. चार दिवसांनी हे पाणी बाळाला पाजणं म्हणजे अँटिमनीपेक्षा कितीतरी जवळचा धोका.

आणि इथे एक गोष्ट बहुतेकांना उलटी वाटेल. साठवून ठेवायला घरच्या आरओचं पाणी चांगलं नाही. आरओ मशिनमधला कार्बन फिल्टर पाण्यातलं क्लोरीन काढून टाकतो. चवीला ते बरं लागतं, पण क्लोरीन हेच तर साठवलेल्या पाण्याचं राखणदार. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार नळाच्या पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावं लागतं, ते यासाठीच. उकळून गार केलेल्या पाण्याचंही तेच. उकळल्यावर ते शुद्ध असतं, पण नंतर हाताचा किंवा बाटलीचा एखादा जंतू आत गेला तर त्याला अडवणारं काही उरत नाही. रोज बदलणार असाल तर आरओचं पाणी बिनधास्त न्या. महिनोन् महिने ठेवायचं असेल तर नाही.

मग काय ठेवायचं? सगळ्यात सोपं म्हणजे कंपनीची सीलबंद बाटली. एफएसएसएआयचा १४ आकडी परवाना क्रमांक, भरल्याची तारीख आणि किती महिन्यांत वापरावं हे तिच्यावर छापलेलं असतं. घेताना सील तुटलेलं नाही ना, एवढं बघा. लग्नात आणि ऑफिसात येणारे थंड पाण्याचे जार यासाठी चालत नाहीत. ते सीलबंद नसतात आणि त्यांचं आयुष्य एका दिवसाचं.

घरीच भरायचं असेल तर कोल्ड्रिंकची दोन लिटरची बाटली उत्तम. अमेरिकेची आपत्कालीन यंत्रणा 'फेमा'सुद्धा हीच बाटली सुचवते. दुधाची किंवा ज्यूसची मात्र नको, त्यातली साखर आणि प्रथिनं कितीही धुतली तरी पूर्ण जात नाहीत. साबणाने धुवायची, खळखळून विसळायची, आणि मीटरवरून थेट येणाऱ्या नळाचं पाणी काठोकाठ भरायचं. सोसायटीच्या गच्चीवरच्या टाकीतलं नको, त्या टाकीत पोहोचेपर्यंत क्लोरीन बरंचसं उडून गेलेलं असतं. पाण्याबद्दल शंका असेल तर आरोग्य खात्याचे कर्मचारी वाटतात त्या क्लोरीनच्या गोळ्या किंवा मेडिक्लोर वापरा. किती लिटरला किती घालायचं ते पाकिटावर असतं. घातल्यावर अर्धा तास थांबायचं. थोडासा वास आला तर घाबरू नका, तो वास म्हणजे औषध काम करतंय.

बाटलीवर मार्करने तारीख लिहा आणि मोठ्या अक्षरात 'पाणी' लिहा. हे पोरकट वाटेल, पण गॅरेजमध्ये एक फेरी मारून या. कूलंट, बॅटरीचं पाणी, ॲसिड, थिनर, सगळं पाण्याच्या जुन्या बाटल्यांतच भरलेलं असतं. कूलंटमध्ये इथिलीन ग्लायकॉल असतं. ते चवीला गोडसर असतं आणि थोडं पोटात गेलं तरी जिवावर बेतू शकतं. रात्रीच्या अंधारात, घाईत, तहानलेल्या पोराच्या हाताला चुकीची बाटली लागायला नको. गाडीत पाण्याच्या बाटलीत पाण्याशिवाय दुसरं काहीही भरायचं नाही, हा नियम सगळ्यांत महत्त्वाचा समजा.

पेट्रोलचा कॅन आणि पाणीही शेजारी नको. प्लास्टिकमधून पेट्रोलची वाफ हळूहळू आत शिरते, बाटली बंद असली तरी. तांब्याची बाटली रात्रभर ठीक, महिनाभर गाडीत नाही. स्टीलची चालते, फक्त ती रोज धुवावी लागते, आणि नेमकं तेच होत नाही.

डिकी की सीटखाली?

उन्हाळ्याच्या दृष्टीने डिकी बरी वाटते, कारण थेट ऊन लागत नाही. पण या पट्ट्यात अडकण्याची खरी वेळ येते पावसाळ्यात, आणि तेव्हा डिकीतलं पाणी असून नसल्यासारखं. बाहेर गुडघाभर पाणी असताना डिकी उघडायला उतरणार कोण?

शिवाय पुराचं पाणी लागलेली बाटली, सील शाबूत असलं तरी, फेकून द्यायची असते. झाकणाच्या आट्यांमध्ये घाण पाणी अडकतं आणि ते पुसून किंवा धुऊन पूर्ण निघत नाही. गाडीत पाणी शिरतं तेव्हा आधी तळ भरतो. म्हणून जून ते सप्टेंबर बाटल्या एका जाड प्लास्टिकच्या पिशवीत बांधून सीटच्या मागच्या खिशात, हाताला येतील अशा. उन्हाळ्यात त्याच बाटल्या टॉवेलात गुंडाळून पुढच्या प्रवासी सीटखाली. ड्रायव्हरच्या सीटखाली कधीच नाही. बाटली गडगडत ब्रेकच्या पेडलखाली अडकली तर पाय दाबूनही गाडी थांबत नाही.

रिक्षावाल्यांचा प्रश्न वेगळा. मागच्या सीटच्या पाठीमागे सामानाची जागा असते, पण तिच्या खालीच इंजिन तापत असतं. बाटली पुढेच, सावलीत बरी. स्कूटरच्या सीटखालच्या डिकीतही इंजिनची धग आणि पेट्रोलचा वास असतो. तिथे अर्धा लिटरची सीलबंद बाटली ठेवायची आणि ती महिन्याभरात वापरून टाकायची.

किती ठेवायचं?

फेमाचा हिशोब आहे माणशी दिवसाला एक गॅलन, म्हणजे पावणेचार लिटरच्या आसपास. पण त्यात हात धुणं आणि थोडा स्वयंपाकही आला. आपत्तीत काम करणाऱ्या संस्था पिण्यासाठी आणि खाण्यासाठी माणशी अडीच ते तीन लिटर धरतात. गाडीत कोणी दोन दिवसांचा संसार मांडत नाही. महालक्ष्मीचे प्रवासी अडकले होते तसा एक रात्र आणि अर्धा दिवस डोळ्यासमोर ठेवला, तर माणशी दीड ते दोन लिटर पुरे. चौघांच्या गाडीला सहा ते आठ लिटर, म्हणजे सहा ते आठ किलो वजन. एका मोठ्या जारपेक्षा एकेक लिटरच्या बाटल्या सोयीच्या. एक फुटली किंवा खराब झाली तर बाकीच्या राहतात, आणि ओआरएसचं पाकीट एक लिटर पाण्यातच घालायचं असतं, त्यामुळे मोजायची भानगड नाही. ती दोन-तीन पाकिटं बाटल्यांसोबतच ठेवा.

सहा महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर त्याला पाणी द्यायचं नाही, आईचं दूधच द्यायचं. पाणी आईला लागतं, आणि नेहमीपेक्षा जास्त लागतं. बाळ वरच्या दुधावर असेल तर पावडर कालवायला सीलबंद पाणी वेगळं राखून ठेवा.

आणि पाणी असेल तर प्या. "पुरवून पुरवून पिऊ" हा विचार चांगला वाटतो, पण आपत्ती व्यवस्थापनाचा सल्ला उलटा आहे. आज लागतं तेवढं प्यायचं आणि घाम येऊ नये म्हणून हालचाल कमी करायची. बायका तर ट्रॅफिकमध्ये अडकल्या की घसा कोरडा पडला तरी पाणी पीत नाहीत, कारण रस्त्यावर स्वच्छतागृह नसतं. याला बाटली हे उत्तर नाही. पण गाडीतल्या बाकीच्यांना हे माहीत असायला हवं, म्हणजे चक्कर आल्यावर कारण शोधत बसावं लागणार नाही.

पुराचं पाणी उकळून पिता येईल का?

वांगणी-बदलापूरकडे उल्हास नदीचं पाणी, आणि अंबरनाथ-उल्हासनगरकडे वालधुनीचं. दोन्हींचा पूर प्यायला वाईटच, पण वाईटपणा वेगळा आहे. उल्हासच्या पुरात माती, जनावरांची घाण, सांडपाणी. गढूळपणा बसू देऊन, गाळून, खळखळ उकळलं तर जंतू मरतात. अगदीच दुसरा इलाज नसेल तेव्हाचा हा मार्ग, आणि गाडीत शेगडी कुठून आणणार हा प्रश्न उरतोच.

वालधुनीचं तसं नाही. अंबरनाथच्या डोंगरातून निघून शिवमंदिराजवळून वाहणारी ही नदी उल्हासनगरात येईपर्यंत कारखान्यांचं आणि वस्तीचं सांडपाणी घेऊन येते. तिच्यात रसायनांचे टँकर चोरून रिकामे केल्याच्या बातम्या इथल्या लोकांना नव्या नाहीत. २०१४ मध्ये अशाच प्रकारानंतर वायूचा त्रास होऊन उल्हासनगरातल्या शेकडो लोकांना दवाखान्यात न्यावं लागलं होतं. रसायन उकळल्याने जात नाही, उलट पाणी आटून ते दाट होतं. क्लोरीनची गोळीही त्यावर काही करत नाही. या पट्ट्यात पुराचं पाणी प्यायचा विचारच नको, आणि म्हणूनच गाडीतल्या सहा बाटल्यांना महत्त्व आहे.

पाणी जवळ आहे म्हणून गाडीत बसून राहायचं का, हेही ठरवून ठेवायला हवं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा मुंबईत काही माणसं बंद गाड्यांतच गेली. काचा वर, दरवाजे उघडेनात. फूटभर वाहतं पाणी छोटी गाडी हलवू शकतं आणि दोन फूट पाणी बहुतेक गाड्या वाहून नेतं. पाणी सायलेन्सरच्या वर चढायला लागलं की वाट बघायची नाही. काचा खाली घ्या, पिशवी खांद्याला अडकवा आणि उंच जागा गाठा. बाटल्या पिशवीत बांधायच्या त्या यासाठीही. महालक्ष्मीच्या प्रवाशांना रेल्वेने गाडीतच थांबायला सांगितलं होतं आणि ते योग्य होतं, पण रेल्वेचा डबा उंच आणि जड असतो. तो नियम हॅचबॅक गाडीला लावू नका.

राहिला प्रश्न बदलायचं कधी. घरी भरलेलं पाणी सहा महिन्यांनी बदलावं असा सल्ला असतो. सीलबंद बाटलीवर तारीख असतेच. पण ते झालं घरातल्या कपाटाचं. आपल्या उन्हाळ्यात बंद गाडीत तेवढं थांबू नका. पाडव्याला गाडी धुताना नव्या बाटल्या ठेवा, एप्रिल आणि मे महिन्यात त्या दर महिन्याला पिऊन संपवा आणि बदला. जूनच्या पहिल्या आठवड्यात वायपर तपासता तेव्हा पावसाळ्याची पिशवी बांधा. दसऱ्याला गाडीला हार घालताना ती सोडा. काढलेलं पाणी ओतून द्यायची गरज नाही, ते वायपरच्या टाकीत किंवा कुंडीत जातं. बाटल्या मात्र चेपूनच भंगारात द्या. आख्ख्या दिल्या तर त्यातली एखादी उद्या कोणाच्या तरी गॅरेजमध्ये कूलंट भरून उभी असेल.